जर्मनीत चौथीनंतरच मुलांची वाटणी होते म्हणतात, मुलगी आत्ता तिसरीत आहे. म्युनिक घ्यावं की फ्रँकफर्ट?

स्नेहल_पुणे

नमस्कार मंडळी. नवऱ्याला जर्मनीतल्या दोन ऑफर आल्यात, एक म्युनिकची, एक फ्रँकफर्टची. पगार जवळपास सारखा, कामही सारखंच, आणि महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचंय. अडलंय ते फक्त मुलांच्या शाळेवर. मुलगी आता नऊची होईल, स्टेट बोर्डाच्या इंग्लिश मिडीयमला तिसरीत आहे, परीक्षा झाली की जून-जुलैत निघायचं, म्हणजे तिकडे ती थेट चौथीत बसणार. मुलगा पाच वर्षांचा आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होतील, त्याची मला एवढी काळजी नाही.

ओळखीतल्या एकांनी सांगितलं की तिकडे चौथी झाली की मुलांना तीन वेगवेगळ्या शाळांत घालतात, हुशार एका शाळेत, मधली दुसऱ्या आणि उरलेली तिसऱ्या, आणि एकदा खालच्या शाळेत गेलं की युनिव्हर्सिटी विसरायची. हे ऐकल्यापासून मला झोप नाहीये. मुलगी अभ्यासात चांगली आहे, गणित तर आवडीचं, पण जर्मन अजिबात येत नाही. जी मुलगी सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा ती भाषा ऐकणार तिच्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचा फैसला मे महिन्यात करायचा हे मला पटतच नाही हो.

तिकडे सीबीएसईसारखं देशभराचं एक बोर्ड आहे का, दोन्ही शहरांत नियम सारखेच आहेत का, आणि तुमची मुलं या वयात गेली असतील तर नेमकं काय झालं, जरा सविस्तर सांगाल का. फी किती लागते तेही सांगा.

सुहास_म्युनिक

स्नेहलताई, आधी मुळातलं सांगतो म्हणजे बाकीचं कळायला सोपं जाईल. देशभराचं एक बोर्ड इथे नाहीच. शाळा हा विषय पूर्ण राज्यांच्या हातात, १६ राज्यं, प्रत्येकाचा शिक्षणमंत्री वेगळा, कायदा वेगळा, अभ्यासक्रम वेगळा, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. हिटलरच्या काळात सगळं बर्लिनहून चालायचं, ते परत होऊ नये म्हणून १९४९ च्या राज्यघटनेत शिक्षण राज्यांकडेच ठेवलं. सगळ्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक कायमची परिषद आहे, ती १९४८ पासूनची, म्हणजे घटनेच्याही आधीची. एका राज्याचा दाखला दुसऱ्यात चालावा, आबिटूर म्हणजे त्यांची बारावी किंवा तेरावीची परीक्षा साधारण एका तोडीची असावी, एवढं ती बघते. त्यामुळे "जर्मनीत काय नियम आहे" असं विचारून उपयोग नाही, "बायर्नमध्ये काय" आणि "हेसेनमध्ये काय" असंच विचारावं लागतं, आणि तुमच्या दोन ऑफर नेमक्या त्या दोन राज्यांत आहेत. म्युनिक बायर्नमध्ये, फ्रँकफर्ट हेसेनमध्ये.

बायर्नचं मी माझ्या मुलाच्या वेळी पूर्ण बघितलंय. ग्रुंडशुले म्हणजे प्राथमिक शाळा पहिली ते चौथी. चौथीत मेच्या सुरुवातीला एक दाखला मिळतो, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांची सरासरी. इथे १ हा सगळ्यात चांगला मार्क आणि ६ सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझियम म्हणजे थेट आबिटूरपर्यंत नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशुले म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, त्यापुढे मिटलशुले म्हणजे उरलेल्यांची. म्हणजे तीन विषयांत २, २, ३ पडले तर गिम्नाझियम आणि २, ३, ३ पडले की एका मार्काने रेआलशुले. आईबाप काय म्हणतात याला तिथे वाव नाही. सरासरी हुकली तर ज्या शाळेत जायचंय तिथे तीन दिवस चाचणीचे वर्ग असतात, जर्मन आणि गणिताचे, त्यात एका विषयात ३ आणि दुसऱ्यात ४ आले तर पास, दोन्हींत ४ आले तर मात्र शेवटचा शब्द पालकांचा.

आता तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचं. जी परभाषिक मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती त्यांच्यासाठी ही मर्यादा ३.३३ पर्यंत सैल करता येते, भाषेच्या अडचणीमुळे मार्क कमी पडलेत असं शाळेला वाटलं तर. पण ते शाळेने ठरवायचं, आणि पुष्कळ पालकांना ही सवलत माहितीच नसते म्हणून ते मागतही नाहीत. तुम्ही आलात तर पहिल्याच भेटीत वर्गशिक्षिकेला विचारा.

खरी अडचण परिसर अभ्यासात येते, गणितात नाही. माझ्या मुलाच्या चौथीच्या पेपरात एक प्रश्न होता की घरात नळाला पाणी येईपर्यंत ते कुठून कुठून येतं ते लिहा, आणि उत्तर एकेका शब्दात दिलेलं चालत नाही, पूर्ण वाक्यं हवीत, तीही शाईच्या पेनने सुटसुटीत अक्षरात. मुलाला पाण्याची टाकी, पंप, पाइप सगळं माहीत होतं, जर्मनमध्ये सलग चार वाक्यं लिहिताना मात्र गाडी अडायची. गणितातही निम्मी उदाहरणं शाब्दिक असतात. तेव्हा एका वर्षात बोलणं येतं हो, मुलं भराभर शिकतात, पण असं लिहायला यायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि चौथीत नेमका तोच वेळ तुमच्या मुलीकडे नाही.

त्याच चौथीत पोलिस येऊन सायकलची परीक्षा घेतात, लेखी पण आणि रस्त्यावर चालवून पण, हात दाखवून वळणं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणं वगैरे. मार्कांच्या सरासरीत ते धरत नाहीत पण मुलांना त्या परीक्षेचं फार अप्रूप. येण्याआधी सायकल नीट येऊ द्या तिला.

फी म्हणाल तर सरकारी शाळेला शून्य. वह्या, सहली, जेवण एवढाच खर्च.

मेघना_फ्रँकफर्ट

सुहासदादांनी बायर्नचं बरोबर सांगितलंय, आता हेसेनचं माझ्याकडून. आमच्याकडेही चौथीनंतरच वाटा फुटतात पण कुठली वाट घ्यायची ते पालक ठरवतात. शाळा मुलाचं बघून शिफारस करते, तुमच्याशी बोलते, तुम्ही शिफारशीविरुद्ध गिम्नाझियम मागितलं तर पुन्हा एकदा बोलावून समजावतात, पण शेवटी तुमचा अर्ज चालतो. दशांश चिन्हापर्यंत हिशोब करायचं ते दडपण इथे नाही. मात्र दुसरी बाजूही सांगते, मुलाला अजिबात झेपलं नाही तर पाचवी-सहावीच्या शेवटी शाळा त्याला दुसऱ्या प्रकारच्या शाळेत पाठवू शकते, आणि नव्या वर्गात परत मित्र जोडायचे हे त्या वयात सोपं नसतं. म्हणून नुसतं हक्क आहे म्हणून गिम्नाझियम भरू नका.

आणि तीनच प्रकार आहेत असंही नाही. गेझाम्टशुले म्हणून एक असते, तिच्यात सगळी मुलं एकत्रच पुढे जातात आणि एकेका विषयाला हळूहळू गट पडतात, गणित वरच्या गटात आणि जर्मन खालच्या असं चालतं. तुमच्या मुलीचं वर्णन वाचून मला तर पहिल्यांदा तेच डोक्यात आलं. फ्रँकफर्टमध्ये चांगल्या गेझाम्टशुलेंना मागणी खूप, पहिल्या पसंतीची शाळा मिळेलच असं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

भाषेसाठी इथे नव्याने आलेल्या मुलांचे इंटेन्सिव्ह वर्ग असतात, त्यात मुख्यतः जर्मनच, साधारण वर्षभर, आणि जसजशी भाषा येईल तसं मुलाला गणित, खेळ, चित्रकला अशा तासांना नेहमीच्या वर्गात बसवत जातात. बायर्नमध्येही तसे जर्मनचे वर्ग आहेत, पण शाळेशाळेत फरक पडतो, घर घेण्याआधी त्या भागातल्या शाळेला मेल टाकून विचारा. प्राथमिकला शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणजे घर आधी आणि शाळा आपोआप, उलटं होत नाही.

एक अजून, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिला चौथीत बसवूच नका, तिसरीत घाला. मुख्याध्यापकांशी बोललं की भाषा येत नसलेल्या मुलासाठी एक इयत्ता खाली प्रवेश देतात. आपल्याकडे वर्ष वाया गेलं म्हणून सगळे नातेवाईक विचारत बसतात, इथे कोणी विचारत नाही. एकाच वर्गात दीड-दोन वर्षांच्या फरकाची मुलं असतात, कोणी उशिरा सुरू केलेलं, कोणी एक वर्ष परत केलेलं. तिला दोन पूर्ण वर्षं मिळतील आणि मग पाचवीला तुम्ही म्युनिकमध्ये असा की फ्रँकफर्टमध्ये, चित्र एकदम वेगळं असेल.

रवी_श्टुटगार्ट

ताई तुमच्या त्या ओळखीच्यांनी "खालची शाळा" म्हणून जे घाबरवलंय त्याबद्दल मला लिहायचंय, कारण आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच चालतं, गिम्नाझियम मिळालं की पेढे आणि रेआलशुले म्हटलं की दुःखाची पोस्ट. माझा मोठा मुलगा रेआलशुलेतून दहावी झाला, त्याला अकरावी-बारावी नकोच होती, त्याला मशिनं आवडायची. आता तो मेकाट्रॉनिक्सची आउसबिल्डुंग म्हणजे काम करत करत घ्यायचं व्यावसायिक प्रशिक्षण करतोय, साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले एक-दोन दिवस बेरूफ्सशुलेत म्हणजे व्यवसाय शाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, पहिल्या महिन्यापासून पगार, इन्शुरन्स, सुट्ट्या सगळं करारात लिहिलेलं. अशा मान्यताप्राप्त आउसबिल्डुंग सव्वातीनशेच्या आसपास आहेत, बेकरीपासून बँकेपर्यंत, आणि परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग-व्यापार चेंबर किंवा कारागिरांचं चेंबर घेतं, म्हणून तो दाखला देशभर चालतो. १९६९ पासून त्याचा देशाचा कायदा आहे, म्हणजे शाळा राज्यांच्या पण कंपनीतलं शिक्षण केंद्राचं, हा एक मोठा फरक लक्षात घ्या.

पहिल्या वर्षी त्याला आठवडेच्या आठवडे नुसतं कानसीने लोखंड घासायला लावलं होतं, एका ठोकळ्याच्या सगळ्या बाजू काटकोनात यायला पाहिजेत, मास्टर गुण्या लावून उजेडासमोर धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की परत घास. मुलगा घरी येऊन कटकट करायचा. आता तो ड्रॉइंग बघून सांगतो हा पार्ट कुठे अडकणार ते. मला इंजिनीअरिंग कॉलेजात चार वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं.

आणि दार बंद होतं हे तर साफ चूक. रेआलशुलेची दहावी चांगली झाली तर गिम्नाझियमच्या वरच्या वर्गात जाता येतं, नाहीतर टेक्निकलची, कॉमर्सची वेगळी गिम्नाझियमं आहेत, आमच्या राज्यात तर ती भरपूर. आउसबिल्डुंगनंतर मास्टर कारागिराची परीक्षा दिली की युनिव्हर्सिटीला अर्ज करता येतो, हे २००९ मध्ये सगळ्या राज्यांनी मिळून मान्य केलंय. इथे कारागिरांची टंचाई एवढी आहे की २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनेच आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, पेपरात आलं होतं, वाचलं असेल तुम्ही. तेव्हा मुलगी नऊ वर्षांची असताना ही भीती घरात बोलू नका, मुलांना ती लगेच लागते.

वसुधा_भाषाशिक्षिका

रवीदादांचं आउसबिल्डुंगबद्दलचं सगळं मान्य, पण दारं उघडी आहेत एवढं म्हणून भागत नाही असं मला वाटतं. मी नव्याने आलेल्या मुलांना दुपारी जर्मन शिकवते, सीरियन, अफगाण, रुमेनियन, भारतीय, सगळी असतात. ती दारं त्याच घरातल्या मुलांना सापडतात जिथे आईवडील असे धागे वाचतात, शाळेत जाऊन प्रश्न विचारतात. ज्या आईला पालकसभेची चिठ्ठी वाचता येत नाही तिच्या मुलाला मिटलशुलेतून पुढे फाखओबरशुले असते आणि तिथून बारावी-तेरावी करून कॉलेजला जाता येतं हे सांगणारं कोणी नसतं. दहाव्या वर्षी वाटणी करण्यातला अन्याय तो हाच.

थोडा इतिहास सांगते कारण त्याशिवाय हे का असं आहे ते कळत नाही. १९२० च्या आधी इथे श्रीमंतांची मुलं फी भरून वेगळ्या पूर्वतयारी शाळेत जायची आणि तिथून गिम्नाझियमला, गरिबांची मुलं गावच्या शाळेत. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या वायमार प्रजासत्ताकाने १९२० मध्ये कायदा करून सगळ्यांना पहिली चार वर्षं एकाच शाळेत बसवलं. म्हणजे आज ज्या चार वर्षांना आपण फार कमी म्हणतो ती त्या वेळी समानतेसाठी भांडून मिळवलेली होती! पुढे जाणं मात्र झालंच नाही. युद्धानंतर अमेरिकनांना इथे सगळ्यांची एकत्र शाळा हवी होती, पश्चिमेकडच्या राज्यांनी ते होऊ दिलं नाही. पूर्व जर्मनीत दहावीपर्यंत सगळे एकत्र शिकायचे, १९९० नंतर तेही गेलं. आज बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे, बाकी सगळीकडे चौथीपर्यंत. हांबुर्गने सहा वर्षांची करायचं ठरवलं होतं तर जुलै २०१० मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी ते पाडलं, चांगल्या वस्त्यांतले पालक त्यात पुढे होते.

२००१ च्या डिसेंबरमध्ये पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले तेव्हा इथे केवढी खळबळ उडाली होती. जर्मनी सरासरीच्याही खाली, आणि त्याहून लागणारी गोष्ट म्हणजे मूल कुठल्या घरात जन्मलं यावर त्याचे मार्क ठरण्याचं प्रमाण इथे सगळ्यात जास्त निघालं. मग बालवाडीकडे लक्ष गेलं, दिवसभराच्या शाळा आल्या, पुष्कळ राज्यांनी हाउप्टशुले म्हणजे मिटलशुलेसारखी तिसरी शाळा बंद करून दोनच प्रकार ठेवले, काही वर्षं निकाल सुधारलेही. २०२२ च्या फेरीत परत घसरले, गणित, वाचन, विज्ञान तिन्हींत आजवरचे सगळ्यात कमी गुण. २०२४ पासून केंद्र आणि राज्यं मिळून दहा वर्षांत २० अब्ज युरो गरीब वस्त्यांतल्या सुमारे चार हजार शाळांना देताहेत, बघू. आणि शिफारशींचं म्हणाल तर सारखंच वाचता येणाऱ्या दोन मुलांमध्ये शिकलेल्या घरातल्याला गिम्नाझियमची शिफारस मिळायची शक्यता जास्त, हे वाचनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या जर्मन अहवालांत पुन्हा पुन्हा आलंय. शिक्षिका वाईट असतात असं मुळीच नाही, त्या विचार करतात की घरी मदत करणारं कोणी आहे का, आणि तिथेच मूल मागे पडतं.

स्नेहल, तुझ्या मुलीला घरची साथ आहे, तिचं होईल. पण तिच्या वर्गात जे दुसरं नवीन मूल असेल त्याच्या आईलाही ३.३३ ची ती सवलत सांग.

स्नेहल_पुणे

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, नवऱ्याला रात्री बसून मोठ्याने वाचून दाखवलं. तिसरीत बसवायचं हे तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, सासूबाईंना ते पटवणं अवघड जाईल पण बघते. अजून विचारते, रागावू नका. घरी आता जर्मन बोलायला लागायचं का आम्ही, नवऱ्याचा ए२ (जर्मनची दुसरी पायरी) झालाय, माझं काहीच नाही. इंटरनॅशनल स्कूल हा पर्याय कितपत, निदान पहिली दोन वर्षं? आणि धाकट्याचं काय होईल?

निखिल_ड्युसेलडॉर्फ

इंटरनॅशनलबद्दल मी सांगतो, आमची दोन्ही मुलं तिथे होती कारण कंपनी भरत होती. शाळा छान, पण फी वर्षाला वीस हजार युरोच्या घरात जाते एका मुलाची, कंपनीने देणं बंद केलं की स्वतःच्या खिशातून शक्य नाही, आणि दोन वर्षं इंग्लिशमध्ये काढून मग पाचवीला जर्मन शाळेत आणायचं म्हणजे जी अडचण तिसरीत सोपी होती ती अवघड करून घ्यायची. दोन-तीन वर्षांत परत जायचं नक्की असेल तरच घ्या. राहायचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून गल्लीतली शाळा. घरी शिकवतो म्हणाल तर ते इथे चालत नाही, मुलाला शाळेत पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे.

वसुधा_भाषाशिक्षिका

घरी मराठीच बोला, भरपूर बोला, पुस्तकं वाचून दाखवा, भांडा मराठीत, हिशोब मराठीत करा. आईवडिलांचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून मुलांचं जर्मन सुधारत नाही, उलट घरातलं बोलणंच आटतं. ज्या मुलाला "बाष्पीभवन" म्हणजे काय ते एका भाषेत नीट कळलंय त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नवा शब्द लागतो. एखादी शिक्षिका घरी जर्मन बोला म्हणाली तर शांतपणे सांगा की आम्ही मराठी पक्की ठेवतोय आणि जर्मनसाठी हे हे करतोय. जर्मनसाठी काय करायचं तर दुपार. बहुतेक ग्रुंडशुले दुपारी साडेअकरा ते एकच्या मध्ये सुटतात, पुढे होर्ट म्हणजे शाळेला जोडून असलेलं पाळणाघर, तिथे जेवण, गृहपाठ आणि मुख्य म्हणजे मुलांमध्ये खेळणं. जागा मिळायला वेळ लागतो, घराचा करार झाल्या झाल्या अर्ज टाका. २०२६ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायदेशीर हक्क सुरू होतोय, दरवर्षी एक इयत्ता वाढवत २०२९ पर्यंत चारही. शिवाय गावातल्या खेळाच्या क्लबात घाल, हँडबॉल, जिम्नॅस्टिक, काहीही. वर्गात गप्प बसणारी मुलं मैदानावर दोन महिन्यांत ओरडायला लागतात, बघितलंय मी. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड मुलांना बहुतेक ठिकाणी फुकट असतं.

आणि तू स्वतः आत्ता पुण्यातच जर्मन सुरू कर. तिथे मॅक्सम्युलर भवन आहे, निघेपर्यंत ए१ होऊन जाईल. पालकसभेत काय चाललंय ते अर्धं तरी कळलं पाहिजे ना.

सुहास_म्युनिक

धाकट्याचं सांगतो. हेसेनमध्ये ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेल्या मुलाला त्या वर्षी पहिलीत घालावंच लागतं, तुमचा ऑगस्टचा म्हणजे त्या वर्षी सक्ती नाही, हवं तर अर्ज करून घालता येतं. बायर्नमध्ये तारीख ३० सप्टेंबर, पण जुलै ते सप्टेंबर जन्माच्या मुलांसाठी पालकांना एक वर्ष थांबायची मुभा आहे. दोन्हीकडे निर्णय तुमच्याच हातात राहतो. मी तरी एक वर्ष बालवाडीत काढू देईन, तिथे भाषा खेळता खेळता येते आणि त्याला पहिली सगळ्यांबरोबर सुरू करता येईल. शाळेच्या पहिल्या दिवशी इथे मुलांना त्यांच्या निम्म्या उंचीचा कागदी शंकू देतात, आत खाऊ, रंगीत पेन्सिली, छोटी खेळणी, बालवाडीतच आईवडील मुलांबरोबर बसून तो बनवतात. आमच्या घरी त्यात आजीने पाठवलेल्या चिक्क्या होत्या.

सुट्ट्यांचं पण बघून ठेवा. प्रत्येक राज्याची उन्हाळी सुट्टी वेगळ्या तारखांना, बायर्नची सगळ्यात शेवटी, जुलैअखेर-ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी तिकीट स्वस्त मिळतं म्हणून मुलांना घेऊन विमानतळावर जाऊ नका, बायर्नमध्ये पोलिस तिथे शाळेच्या वयाची मुलं दिसली की विचारतात, शाळेला कळवतात आणि दंड होऊ शकतो. दिवाळीला एक दिवस हवा असेल तर शाळेकडे आधी अर्ज द्या, सणासाठी म्हणून बहुतेक देतात. शरद ऋतूची सुट्टी कधीकधी दिवाळीच्या आसपासच येते, त्या वर्षी तर प्रश्नच नाही.

रवी_श्टुटगार्ट

आणि धर्माचा तास. सरकारी शाळेत कॅथलिक, प्रोटेस्टंट असे तास वेळापत्रकातच असतात, घटनेतच आहे ते. आपल्याला नको असेल तर बहुतेक राज्यांत नीतिशास्त्राचा तास घेता येतो, अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर खूण करायची जागा असते. लोक गडबडीत ती कोरी सोडतात आणि मग वर्षभर पत्रव्यवहार करतात.

स्नेहल_पुणे

आम्ही फ्रँकफर्ट घेतोय. काल कळवलं. फक्त शाळेसाठी नाही, तिथे नवऱ्याची आतेबहीण पण आहे तासाभरावर, पण तुमचं वाचलं नसतं तर म्युनिकचं नाव मोठं म्हणून तिकडेच गेलो असतो. मुलीला तिसरीत घालायचं हे तिला सांगितलं तर ती म्हणाली की मग मला गणित सोपं जाईल ना, तिची हरकत नाही. आता कागदपत्रं काय काय गोळा करू इथून निघताना ते तेवढं सांगा.

मेघना_फ्रँकफर्ट

चांगलं केलंत. दोन्ही मुलांचे मूळ जन्मदाखले काढून घ्या, निघायच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. त्यांचं जर्मन भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच, ते इथे येऊन केलंत तरी चालतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, इंग्लिशमध्ये असली तर इथली शाळा सहसा तशीच घेते. आणि लसीकरणाचं कार्ड मात्र मूळ हवं. मार्च २०२० पासून शाळेत आणि बालवाडीत गोवरच्या दोन डोसांचा पुरावा सक्तीचा आहे, आपल्याकडच्या कार्डावर डॉक्टरांचं अक्षर आणि शिक्का कधी वाचता येत नाही, तेव्हा तारखा इंग्लिशमध्ये स्पष्ट लिहून सही-शिक्का घेऊन ठेवा. पत्ता नोंदवायला नगरपालिकेत जाल तेव्हा घरमालकाचं पत्र लागतं, ते झालं की शाळेचं मी बघते, घर कुठल्या भागात बघताय ते कळवा म्हणजे तिथल्या शाळेत इंटेन्सिव्ह वर्ग आहे का ते विचारून ठेवते.